दहाचे पन्नास

मंडळी, या वीकांताला जरा भांडायचं आहे. विषय शाळकरी आहे: गतिज ऊर्जेतला बदल म्हणजे केलेलं कार्य. नववीच्या विज्ञानात 'कार्य आणि ऊर्जा' नावाचा धडा असतो, तिथे हे पहिल्यांदा भेटतं. मग अकरावीत भेटतं, मग इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मेकॅनिक्समध्ये भेटतं. आणि दर वेळी आपण मार्क खिशात घालून पुढे निघतो. माझी डिग्री मेकॅनिकलची, पोट मात्र कोड लिहून भरते; म्हणजे मला हे सूत्र जरा जास्तच वेळा भेटलंय. तर माझा आरोप असा, की आपल्यातल्या बहुतेकांनी हे सूत्र पाठ केलंय आणि ते कळलंय फार थोड्यांना. पुरावा हवा असेल तर शनिवारी सकाळी एक्स्प्रेसवेवर जा आणि उजव्या लेनमध्ये मागून डिपर मारत येणाऱ्या गाड्या बघा. त्यातल्या निम्म्या तरी आपल्याच जातकुळीच्या निघतील. गळ्यात आयडी कार्ड, मागच्या सीटवर लॅपटॉपची बॅग.

एक कोडं घालते. समृद्धी महामार्ग, मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, कारला वेगमर्यादा ताशी १२०. दोन गाड्या शेजारशेजारच्या लेनमध्ये चालल्यात. मॉडेल तेच, टायर तेच, ब्रेक तेच. एक १२० ने, दुसरी १३० ने. दोघी अगदी बरोबरीला आल्या आणि त्याच क्षणी पुढे रस्ता अडवून आडवा पडलेला ट्रक दिसला. दोघांनी एकाच जागी कचकचून ब्रेक दाबले. १२० वाली ट्रकला नाक टेकता टेकता थांबली. ओरखडासुद्धा नाही. प्रश्न असा: १३० वाली ट्रकपाशी पोचली तेव्हा तिचा वेग किती होता?

हा प्रश्न मी आमच्या टीममध्ये चहाच्या वेळी विचारला. सगळे इंजिनिअर, सगळे गाडीवाले. एकजण म्हणाला, "सोप्पंय, दहा." दुसरा जरा विचार करून म्हणाला, "पंधरा-वीस." तिसरा म्हणाला, "डिपेंड्स." (हा आमचा आर्किटेक्ट. ह. घ्या. :-) )

उत्तर आहे पन्नास. ताशी ५० किलोमीटर.

विश्वास बसत नसेल तर मांडून बघू. ब्रेक दोघांचे सारखे, म्हणजे मागे ओढणारं बल सारखं. ट्रकपर्यंतचं अंतर सारखं. बल गुणिले अंतर म्हणजे कार्य. म्हणजे दोन्ही गाड्यांच्या ब्रेकांनी कार्य अगदी सारखंच केलं, दोघींच्या पोटातून ऊर्जा सारखीच काढून घेतली. ऊर्जा चालते वेगाच्या वर्गावर. वस्तुमान सारखं आहे, तेव्हा ते आणि तो अर्धा बाजूला ठेवू, नुसते वर्ग बघू. १२० चा वर्ग १४,४००. एवढी ऊर्जा ब्रेकांनी खाल्ली आणि पहिली गाडी शून्यावर आली. १३० चा वर्ग १६,९००. त्यातून तेच १४,४०० वजा करा. उरले २,५००. त्याचं वर्गमूळ ५०. संपलं गणित.

दहाने वेग वाढवला, हातात आले पन्नास. असा व्याजदर सावकारही लावत नाही.

आणि यात ब्रेक किती चांगले, रस्ता कोरडा की ओला, एबीएस आहे की नाही, हे कुठे आलंच नाही. ओल्या रस्त्यावर दोघींनाही थांबायला जास्त अंतर लागेल, पण जिथे १२० वाली थांबेल तिथे १३० वाली ५० लाच असेल. आर्किटेक्टसाहेब, डिपेंड्स वगैरे काही नाही.

गंमत बघा, ५, १२, १३ हे आकडे कुठे पाहिलेत? पायथागोरसच्या काटकोन त्रिकोणात. जास्त वेगवाला म्हणजे कर्ण, मर्यादेतला म्हणजे एक बाजू, आणि उरलेली बाजू म्हणजे ज्या वेगाने तुम्ही जाऊन आदळता तो. सातवी-आठवीत पाठ केलेले सगळे त्रिकूट इथे कामाला येतात. ६, ८, १०: जिथे ८० वाला थांबतो, तिथे १०० वाला ६० ला असतो. ३, ४, ५: गल्लीत पोरगं बॉलमागे धावत आलं, ३० वाला त्याच्या पुढ्यात थांबला, ५० वाला त्याच जागी ४० ने जातोय. "अरे गल्लीत पन्नास म्हणजे काही फार नाही" म्हणणाऱ्याला हा त्रिकोण काढून दाखवा.

वर मी एक सवलतही दिली होती, दोघांनी ब्रेक एकाच जागी दाबले अशी. खऱ्या आयुष्यात ट्रक दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत वेळ जातो. धरा दीड सेकंद. मोबाईल बघत असाल तर हिशोबच सोडा. दीड सेकंदात १२० वाला ५० मीटर जातो, १३० वाला ५४. कोरड्या रस्त्यावर दर सेकंदाला वेग सेकंदाला ७ मीटरने कमी होतो असं धरलं तर १२० वाला एकूण साधारण १३० मीटरवर थांबतो. त्या जागी १३० वाल्याचा वेग असतो ५७. पन्नास ही सवलतीच्या दरातली किंमत होती!

मग हे आपल्याला शाळेत का नाही कळलं? माझं उत्तर: कारण आपल्याला कार्य 'काढायला' शिकवलं. आठवा तो नमुना. "१५०० किलोग्रॅम वस्तुमानाच्या मोटारीचा वेग ताशी ३६ किलोमीटरवरून ७२ किलोमीटर झाला, तर केलेले कार्य काढा." ३६ आणि ७२ च का, तर त्याचे सेकंदाला १० आणि २० मीटर असे गोंडस आकडे होतात म्हणून. मग ४०० वजा १००, गुणिले १५००, भागिले २, उत्तर २,२५,००० ज्यूल. खाली दोन रेघा. एकक विसरलात तर अर्धा मार्क गेला. पुढचं गणित.

इथेच थांबून फक्त एक उपप्रश्न विचारायचा होता: हीच मोटार शून्यावरून ३६ वर येताना किती कार्य लागलं होतं? ७५,००० ज्यूल. म्हणजे पहिल्या ३६ ला जेवढं लागलं, त्याच्या तिप्पट दुसऱ्या ३६ ला लागलं. वेगातली वाढ तीच, बिल तिप्पट. सगळा धडा या एका वाक्यात होता आणि तेवढंच सोडून बाकी सगळं आपल्याला विचारलं गेलं.

दुसरा गुन्हा ऋण चिन्हाचा. गाडी थांबते तेव्हा ब्रेकांनी केलेलं कार्य ऋण असतं. हे आम्ही इतकं घोटलं, की स्वप्नातसुद्धा उणे लिहू. पण त्या उणेचा अर्थ कुणी सांगितला? अर्थ असा, की गाडीत जमा असलेली ऊर्जा कोणीतरी काढून घ्यायची आहे आणि पोटात घालायची आहे. ब्रेकच्या तबकड्या घेतील तर त्या तापतील. त्यांना पुरेसं अंतर दिलं नाहीत तर बंपर घेईल, बॉनेट घेईल, समोरचा ट्रक घेईल. आणि त्यांच्याकडूनही जी उरेल ती तुमच्या बरगड्या घेतील. हिशोब शेवटच्या ज्यूलपर्यंत पूर्ण होणारच. फक्त तो कोणाच्या नावावर पडायचा, एवढंच काय ते आपल्या हातात.

हे काही माझं दिव्य ज्ञान नव्हे. तीनशे वर्षांपूर्वी युरोपात यावर विद्वानांची तुंबळ झाली होती. हलत्या वस्तूचा 'जोर' वेगाच्या प्रमाणात मोजायचा की वेगाच्या वर्गाच्या? देकार्तची मंडळी म्हणत वेगाच्या. लायब्निझने १६८६ साली छापून सांगितलं, वर्गाच्या. मग हॉलंडमधल्या ग्राव्हसांडे नावाच्या प्राध्यापकाने १७२० च्या दशकात सरळ ओल्या मातीत पितळी गोळे टाकून बघितले. गोळा दुप्पट वेगाने आला तर खड्डा दुप्पट नाही, चौपट. एमिली द्यू शाताले या बाईंनी १७४० च्या आपल्या पुस्तकात वर्गाची बाजू ठामपणे मांडली. आज आपण ज्याला 'कार्य' म्हणतो त्याला तसं नाव देऊन, तो अर्धा घालून नीट व्याख्या केली कोरिओलिसने, १८२९ मध्ये. म्हणजे जो निकाल मातीच्या गोळ्याने अठराव्या शतकात दिला, तो एकविसाव्या शतकात सनरूफवाल्या गाडीत बसूनही आपल्याला मान्य नाही. आपण अजून देकार्तच्याच पार्टीत. दहा वाढले म्हणजे दहाच वाढले.

याला स्पीडोमीटरही जबाबदार आहे. काटा १०० वरून १२० वर जाताना तेवढाच सरकतो, जेवढा शून्यावरून २० वर जाताना. डोळ्याला दोन्ही सारखं. आपल्या पिढीला पटेल अशा भाषेत सांगते. प्रत्येक वेग म्हणजे एका उंचीवरून खाली पडणं. हवेचा अडथळा सोडला तर ताशी २० म्हणजे साधारण दीड मीटर, स्टुलावरून पडल्यासारखं. ४० म्हणजे दुसरा मजला. ६० म्हणजे जवळजवळ पाचवा. १०० म्हणजे तेरावा. १२० म्हणजे एकोणिसावा. १३० म्हणजे बाविसावा. मजला तीन मीटरचा धरलाय, कार्पेट एरियावर वाद नको. शून्यावरून २० वर जाताना तुम्ही स्टुलावर चढता. १०० वरून १२० वर जाताना सहा मजले चढता. फ्लॅट घेताना मजल्यामागे फ्लोअर राइज द्यावा लागतो म्हणून बिल्डरशी महिनाभर हुज्जत घालणारे आपण, हायवेवर सहा मजले फुकटात चढतो. फुकटात म्हणजे, बिल लगेच येत नाही म्हणून फुकटात.

आता तुम्ही म्हणाल... थांबा, तुम्ही काय काय म्हणाल ते मला माहीत आहे, ऑफिसात ऐकून झालंय.

पहिलं: "माझ्या गाडीचे ब्रेक भारी आहेत." असतील. पण १२० वाल्याइतक्याच अंतरात १३० वरून थांबायला ते १७ टक्के जास्त भारी हवेत. १०० वाल्याशी बरोबरी करायची असेल आणि तुम्ही १२० ला असाल, तर ४४ टक्के. म्हणजे भारी ब्रेकांसाठी मोजलेले पैसे तुम्ही सुरक्षिततेत जमा केलेच नाहीत, वेगात खर्च करून टाकलेत. पगारवाढ झाली म्हणून मोठा ईएमआय घेतला आणि हातात पुन्हा तेवढेच उरले, तसलाच प्रकार.

दुसरं: "गाडी फाइव्ह स्टार आहे." अभिनंदन. २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप आहे आणि लोक स्टार बघून गाडी घेतात, ही खरंच चांगली गोष्ट. पण समोरच्या धडकेची ती चाचणी होते ताशी ६४ किलोमीटरला. १२० ला गाडीत त्याच्या साडेतीनपट ऊर्जा असते. १२० चे स्टार कोणी दिलेलेच नाहीत. पाचव्या मजल्यावरून पडून पास झालेल्याने एकोणिसाव्यावरून उडी मारू नये.

तिसरं: "माझी एसयूव्ही जड आहे, रस्त्याला चिकटून चालते." जड गाडीला टायरचं घर्षण जास्त मिळतं हे खरं, पण थांबवायची ऊर्जाही तेवढ्याच पटीत जास्त. वस्तुमान दोन्हीकडून कटून जातं आणि थांबण्याचं अंतर तेवढंच राहतं. फायदा असलाच तर आदळल्यावर, आणि तोही तुमचा. समोरच्या अल्टोतल्या कुटुंबाचा नव्हे.

चौथं, सगळ्यांचं लाडकं: "जर्मनीत तर लिमिटच नाही!" ऑनसाइट जाऊन आलेला प्रत्येकजण हे सांगतो. ऑटोबानच्या बऱ्याच भागावर सक्तीची मर्यादा नाही हे खरं आहे. पण तिथेही शिफारस केलेला वेग आहे, आणि तो आहे १३०. तिथे उजवीकडून ओव्हरटेक करायला मनाई आहे, डावी लेन ओव्हरटेकपुरतीच वापरतात, आणि सर्व्हिस रोडचा कंटाळा आला म्हणून कोणी बाइक घेऊन उलटं येत नाही. आणि एवढं सगळं असूनही वर्गाचा नियम तिथेही तोच. जर्मन ज्यूल वेगळा नसतो.

पाचवं मात्र मी मान्य करते: "चूक रस्त्याचीही असते." शंभर टक्के. लाइट-रिफ्लेक्टर नसलेला ट्रक लेनमध्ये उभा करून पाना-जॅक घेऊन बसलेला ड्रायव्हर, अचानक संपणारी लेन, दुभाजकातलं बेकायदा छिद्र, यातलं काहीच तुमच्या हातात नाही. क्रॅश बॅरियर नीट बसवणं हे सरकारचं काम आहे, आणि तेही याच सूत्राचं काम आहे: तो पत्रा स्वतः वाकून अंतर देतो, म्हणून बल कमी पडतं. पण समोर काय येईल त्याचा भरवसा नाही हे एकदा मान्य केलं, की त्यातून ब्रेकला जास्त अंतर ठेवावं असं निघतं. आपण त्यातून "मग काय फरक पडतो" असं काढतो. हे कुठलं लॉजिक?

आता घाटात येऊ, कारण तिथे सूत्राची दुसरी बाजू दिसते. चाळीस टनांचा ट्रक बोरघाट उतरतोय. घाटमाथ्यापासून खोपोलीच्या बाजूला साधारण ५०० मीटर उतार धरू. ड्रायव्हर शहाणा आहे, वेग कायम ताशी ४०. वर ४०, खाली ४०. गतिज ऊर्जेतला बदल किती? शून्य. म्हणजे कार्य शून्य? परीक्षेत बरेच जण इथे शून्य लिहून मोकळे होतात. शून्य आहे ती बेरीज. गुरुत्वाकर्षणाने ट्रकला दिलेत सुमारे १९.६ कोटी ज्यूल, आणि ब्रेक व इंजिन मिळून तेवढेच काढून घेतात. चाळीसच्या वेगात असलेल्या त्याच ट्रकची गतिज ऊर्जा आहे जेमतेम २५ लाख ज्यूल. म्हणजे घाट उतरणं म्हणजे चाळीसवरून शून्यावर येणं, लागोपाठ ऐंशी वेळा. एवढ्या उष्णतेत साडेसहाशे लिटर पाणी उकळीला येईल.

यातला मोठा वाटा खालच्या गिअरमध्ये इंजिनाने उचलायचा असतो. डिझेल वाचवायला कोणी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, की सगळा बोजा ब्रेकांवर. ते तापतात, पकड सोडतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, 'ब्रेक फेल झाल्याने'. ब्रेक फेल झाले नाहीत हो, त्यांच्यावर ऐंशी जणांचं काम टाकलं गेलं! आणि त्या घाटात लोंबकळणाऱ्या ट्रकच्या पुढ्यात कट मारून घुसणारी जी कार असते, तिच्यात पुन्हा आपल्यापैकीच कोणीतरी असतो. त्याला वाटतं ट्रक थांबेल. कशाच्या जोरावर थांबेल?

कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. ऊर्जा ठरलेली असेल तर अंतर वाढवलं की बल कमी होतं. सीटबेल्ट, एअरबॅग, हेल्मेट, सगळ्यांचा धंदा एकच: अंतर विकणे. सत्तर किलोचा माणूस ६० च्या वेगात असला की त्याच्याकडे ९,७०० ज्यूल असतात. बेल्ट आणि चुरगळणारं बॉनेट मिळून त्याला साठेक सेंटीमीटर देतात. सरासरी बल पडतं दीड-पावणेदोन टनांचं. भयंकर, पण बरेचदा जगण्यासारखं. बेल्ट नसेल आणि समोरच्या सीटवर किंवा डॅशबोर्डवर पाच सेंटीमीटरात थांबला, तर वीस टन. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी धडकली. गाडी महागातली, सुरक्षिततेसाठी नावाजलेल्या कंपनीची. मागच्या सीटवरचे दोघे गेले; त्यांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. त्यानंतर महिनाभर सगळे मागे बेल्ट लावत होते. मग दिवाळी आली आणि विसरले.

हेल्मेटचं तर विचारूच नका. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्तीविरोधात लोक रस्त्यावर उतरले होते. विद्येच्या माहेरघरात! डोकं पाचेक किलोचं. नुसतं उभ्या उंचीवरून फुटपाथच्या कडेवर आपटलं तरी त्यात नव्वदएक ज्यूल असतात. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा थर असतो, तो चेपून दोन-अडीच सेंटीमीटर अंतर देतो. हेल्मेट नसेल तर कवटीला मिळतात दोन-तीन मिलिमीटर. बल दहापट. केस गळतात, मान दुखते, ऐकू येत नाही, हे सगळे मुद्दे त्या दहापटीपुढे ठेवून बघा.

देशाचा आकडाही सांगते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यातल्या दहापैकी सात मृत्यूंच्या पुढे कारण लिहिलं होतं अतिवेग. 'अतिवेग' हा फॉर्ममधला सोयीचा रकाना आहे, खड्डा लिहिण्यापेक्षा वेग लिहिणं सोपं, असं म्हणणारे आहेत. त्यात तथ्य असेलही. निम्मे आकडे वगळले तरी उरतात ते पन्नास हजारांच्या वर.

आणि कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार कारने वेगमर्यादा मोडली तर दंड एक हजार ते दोन हजार रुपये. किती मोडली याचा त्यात हिशोब नाही. शंभरच्या मर्यादेत ११० ला ऊर्जा २१ टक्के जास्त, १२० ला ४४ टक्के, १४० ला ९६ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तिघांनाही कॅमेरा एकाच मापाचा मेसेज पाठवणार. आपल्या पगारात हजार-दोन हजार म्हणजे शुक्रवारच्या पार्टीतली एक बाजू. कॅमेऱ्याला वेग कळतो, वर्ग करायला एका ओळीचा कोड लागतो, मग दंड वर्गाने का नको? ती ओळ मी फुकट लिहून देते.

शाळेकडे मागणी एकच. 'कार्य काढा' जरूर विचारा, पण त्याखाली एक प्रश्न कायमचा जोडा: "जिथे पहिली गाडी थांबली, तिथे दुसरीचा वेग किती?" नववीतल्या पोराला वर्गमूळ येतं. चार वर्षांनी त्याच्या हातात बाइकची किल्ली येणार आहे. 'अति घाई संकटात नेई' ही पाटी आपण सगळ्यांनी हजारदा वाचलीय, तिने यमक पाठ झालं. हा प्रश्न एकदा सोडवला तर पाय हलका होईल.

आणि आपल्याकडे, म्हणजे आपण जे शिकून सवरून गाडीत बसतो त्यांच्याकडे? आपल्याला माहीत नव्हतं ही सबब आपल्याला नाही. निकालपत्रावर मार्क छापलेले आहेत. १२० ऐवजी १३० ने गेलं तर शंभर किलोमीटरमागे चार मिनिटंसुद्धा वाचत नाहीत. फूड मॉलवर वड्याच्या रांगेत त्याहून जास्त जातात. पुढच्या ट्रिपला कोणी १३० वर टेकवून "अरे टेन्शन नको घेऊ, कंट्रोल आहे" म्हणाला, तर वाद घालू नका. मागच्या सीटवरून, बेल्ट लावून, शांतपणे एवढंच विचारा: एकशेवीसवाला जिथे थांबला, तिथे तू कितीवर असशील?

'दहा' म्हणाला, तर पुढच्या टोलला उतरून घ्या.